बावीस जणांचं वृंदगान आणि एक पेटी

राजेंद्रनगरच्या आमच्या मंडळाला ऑस्ट्रियाला नेलं ते इंदूरच्याच एका टूरवाल्यानं. नाव नाही लिहीत. व्हिसाचं काम मात्र चोख: बावीस फायली, माणशी ९० युरो फी, एकही अर्ज परत आला नाही.

पण पेटी! "जाईल हो काकू सामानात," म्हणाला होता. काट्यावर ठेवली तेव्हा कळलं, तिच्यासाठी जास्तीचं वजन घेतलेलंच नाही. माझ्या २३ किलोत पेटी बसवली, आणि शेवेची पाकिटं सगळ्यांच्या पर्समध्ये वाटली.

व्हिएन्नाहून साल्झबुर्ग रेल्वेनं अडीच तास. तिथल्या कॅथेड्रलला, जिथे १७५६ साली मोत्सार्टचा बाप्तिस्मा झाला, यानं दिली फक्त चाळीस मिनिटं! घुमटाखालच्या चार खांबांवर चार ऑर्गन. मी हळूच सा लावला, तर तो विरेचना. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. संध्याकाळी एका छोट्या चर्चमध्ये आमच्या द्रुत तराण्याची त्या घुमण्यानं पार खिचडी केली. संथ अभंग मात्र असा भरून आला की आमचे तबलजी वाजवायचं विसरले.

जेवणात रोज पनीर. पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच जाऊ, पेटीचं मात्र लेखी घेऊन.