बेलाजिओचं दालन: पैज वाढते ती प्रसन्नतेमुळे

लास वेगासचं बेलाजिओ हे कॅसिनो-हॉटेल 1998 मध्ये उघडलं. त्याआधी कॅसिनोवाल्यांचा आराखडा ठरलेला असे: छत बुटकं, वाटा भूलभुलैयासारख्या, सजावट म्हणजे जुगाराची यंत्रंच. कॅसिनो-रचनेचा सल्लागार बिल फ्रीडमन या पठडीचा मोठा पुरस्कर्ता. बेलाजिओचा अंतर्गत सजावटकार रॉजर थॉमसने इथे नेमकं उलट केलं. लॉबीच्या छताला काचशिल्पकार डेल चिहुलीची सुमारे 2,000 काचेची फुलं लटकतात आणि पलीकडच्या काचघरातली बाग ऋतूगणिक बदलते.

देखणेपणात पैकीच्या पैकी. खिशाच्या दृष्टीने मात्र हे दालन जुन्या अंधाऱ्या दालनांपेक्षा जास्त धोक्याचं. भूलभुलैया माणसाला अडकवतो खरा, पण थकवतोही, आणि थकलेला माणूस उठतो. इथे शीण जातो. संशोधक कॅरन फिनले यांच्या अभ्यासांत अशा मोकळ्या, हिरव्या दालनांत लोकांना जास्त ताजंतवानं वाटलं आणि ठरवल्यापेक्षा जास्त खेळण्याकडे कलही वाढला. गर्दीचा परिणाम उलटा होतो: 2013 च्या एका संशोधनात दाटीवाटीत उभे ग्राहक सुरक्षित पर्यायाकडे झुकले. म्हणजे प्रशस्तपणा हा नुसता थाट नाही.

वास आणि आवाजाचंही तसंच. लास वेगासमधल्याच एका कॅसिनोत विशिष्ट सुगंध सोडलेल्या भागात स्लॉट यंत्रांवरची उलाढाल सुमारे 45 टक्के वाढल्याचं 1995 च्या अभ्यासात नोंदलंय. एकच प्रयोग आहे, फार ताणू नये. आवाज मात्र बऱ्याच स्लॉट यंत्रांवर पारखता येतो. 20 क्रेडिट (यंत्रावर पैसे मोजायचं एकक) लावा. 8 परत आली तरी दिवे नाचतात, धून वाजते. गेली 12, पण कान म्हणतो जिंकलो! म्हणून पडद्यावरच्या रोषणाईकडे बघू नका, कोपऱ्यातला क्रेडिटचा आकडा खेळण्याआधी आणि नंतर वाचा. आवाज कमी करायचं बटण असेल तर ते आधी दाबा.

रक्कम हॉटेलच्या खोलीतच ठरवा, तेवढीच रोख घ्या, कार्ड तिथेच ठेवा. दालनात बसून मर्यादा ठरवली की ती हटकून सैल होते, कारण पैशांऐवजी वापरायची चिप हातात आली की ती पैशासारखी वाटतच नाही. आणि काचघर बघायचंच असेल तर खेळून झाल्यावर बघा. आधी तिथे रमलात, तर टेबलाशी बसताना हात सैल झालेला असतो.