गॅरंटीड भाड्याच्या नावाखाली माझा फ्लॅट परस्पर हेवी डिपॉझिटवर दिला, नवीन घरमालकांनी वाचाच

पुण्याजवळ पुनावळ्यात माझा एक वन बीएचके आहे. मी राहतो नाशिकला, फ्लॅट घेतला तो गुंतवणूक म्हणून, हिंजवडी जवळ आहे भाडेकरू कधीही मिळेल असं सगळे म्हणत होते आणि ते खरंही आहे. कर्जाचा हप्ता २६ हजार, भाडं १७ हजार, वरचे ९ हजार दर महिन्याला पगारातून. त्यामुळे फ्लॅट एक महिना जरी रिकामा राहिला तरी पोटात गोळा यायचा, आणि एका एजंटने माझी हीच भीती बरोबर ओळखली.

पहिला भाडेकरू सोडून गेला तेव्हा शेजारच्या सोसायटीतल्या एकाने या एजंटचा नंबर दिला होता. बोलायला अगदी नम्र. म्हणाला, दादा तुम्ही नाशिकहून किती चकरा मारणार, फ्लॅट माझ्याकडे द्या, आत कोणी राहो न राहो दर महिन्याच्या ५ तारखेला १७ हजार तुमच्या खात्यात, आणि ५० हजार डिपॉझिट आत्ताच घ्या. आयटीतली दोन पोरं ठेवतो म्हणाला. पैसे खरंच त्याच दिवशी आले. मी म्हटलं करार रजिस्टर करू, तर म्हणे अकरा महिन्यांच्या कराराला कशाला हवंय रजिस्ट्रेशन, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू. मी ऐकलं. वर सोसायटीला द्यायला म्हणून इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि आधारची झेरॉक्स मागितली तीपण दिली.

जून ते डिसेंबर सात महिने पैसे वेळेवर. जानेवारीत आले नाहीत, आधी म्हणाला बँकेचा प्रॉब्लेम आहे, मग फोन उचलेना, मग नंबरच बंद. शेवटी एका रविवारी पहाटेची गाडी पकडून गेलो, बेल वाजवली तर दार उघडलं एका ताईंनी, मागे दोन लहान मुलं, हॉलमध्ये शाळेची दप्तरं पडलेली. मी म्हटलं मी या फ्लॅटचा मालक. त्या म्हणाल्या मालकाशी आमचा करार झालाय, आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीतून कागद आणून दाखवला.

कागदावर माझं नाव, माझा आधार नंबर, ४ लाख हेवी डिपॉझिट, भाडं शून्य, म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दर महिन्याला भाडं नाही आणि घर सोडताना ती रक्कम परत. आणि खाली माझी सही इंग्रजीत. मी शाळेपासून सही मराठीत करतो. ते अक्षर बघून मी तिथेच चपलांच्या स्टँडवर बसलो, ताईंनी न विचारता पाण्याचा ग्लास आणून दिला, आणि थोड्या वेळाने त्यांच्याही लक्षात आलं की काय झालंय, तेव्हा त्यांचा चेहरा जो उतरला तो मी विसरू शकत नाही.

हिशोब नंतर लागला. त्याने त्यांच्याकडून ४ लाख घेतले, त्यातले ५० हजार मला डिपॉझिट म्हणून दिले आणि सात महिन्यांचे १ लाख १९ हजार भाडं म्हणून. म्हणजे मी ज्याला भाडं समजत होतो ते त्या माणसांचंच डिपॉझिट थोडं थोडं करून माझ्याकडे येत होतं. उरलेले २ लाख ३१ हजार घेऊन तो गेला. आणि भाडं वेळेवर येतंय म्हटल्यावर मी एकदाही जाऊन बघितलं नाही.

खुणा होत्या, मी बघितल्या नाहीत. पूर्वी लाईट बिलाचा महावितरणचा मेसेज मला यायचा, जुलैपासून बंद झाला कारण नंबर बदलला गेला होता, मला वाटलं बरं झालं भाडेकरू भरतोय. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे, ऑनलाइन होतं, तेही मी त्याच्यावर सोडलं. तेव्हाच भाडेकरूचा फोटो आणि आधार मागितला असता तर आयटीतली दोन पोरं नाहीत हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

वकिलांनी सांगितलं ते नीट वाचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो, अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. उलट रजिस्टर करार असेल तर मुदत संपल्यावर घर सोडत नाही अशा माणसाविरुद्ध कलम २४ खाली कॉम्पिटंट ऑथॉरिटीकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं, आणि तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं लागू होतं. खर्च किती तर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, माझ्या केसमध्ये पाचशेच्या आसपास, शहरात रजिस्ट्रेशन फी हजार, वर किरकोळ काही. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं. आणि तो अंगठाच महत्त्वाचा, सही कोणीही मारेल पण तुमचा अंगठा दुसऱ्याला देता येत नाही.

म्हणून माझं कळकळीने सांगणं आहे की मध्ये एजंट असू दे, त्याची दलाली द्या, पण करार तुमचा आणि जो माणूस प्रत्यक्ष तिथे राहणार आहे त्याचाच झाला पाहिजे, डिपॉझिट आणि भाडं त्याच्या खात्यातून सरळ तुमच्या खात्यात. आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड, म्हणजे पूर्ण नंबर न दिसणारं, द्या आणि झेरॉक्सवर आडवं लिहा कशासाठी दिलं ते, खाली तारीख. लाईट बिलावर स्वतःचा नंबर ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः फोन करून विचारा माझ्या फ्लॅटमध्ये कोण राहतंय, आमच्या सेक्रेटरींकडे तोच खोटा कागद होता आणि त्यांना तो खराच वाटला. भाड्याने घर घेणाऱ्यांनीपण ४ लाख देताना मालकाला समोर बघा, निदान व्हिडिओ कॉल करा, रजिस्ट्रेशन नाही म्हणाला तर एक रुपया देऊ नका.

पोलीस स्टेशनला मी आणि त्या ताईंचे मिस्टर एकत्रच गेलो, तक्रारी दोन दिल्या, तपास चालू आहे. त्यांना लगेच बाहेर काढा असं मला बरेच जण म्हणाले. मला ते पटलं नाही, मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. वकिलांच्या सल्ल्याने एप्रिलअखेरपर्यंतचा करार केला, यावेळी रजिस्टर, भाडं घेतलं नाही, मेंटेनन्स आणि लाईट बिल त्यांनी भरलं. हप्ता माझा पूर्ण खिशातून गेला, बायकोची एक एफडी मोडावी लागली.

३० एप्रिलला त्यांनी किल्ल्या दिल्या. घर स्वच्छ, किचनचा ओटा पुसून घेतलेला. मी त्यांना ५० हजारांचा चेक दिला, ते नको म्हणत होते. पण ते माझे नव्हतेच, त्यांचेच होते.