वसुलीचं पत्र आणि अडीच हजारांची कार्यशाळा

मी इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेत वसुलीचं टेबल सांभाळते. साहेबांनी मला कोल्हापूरला 'व्यावसायिक लेखन' नावाच्या एक दिवसाच्या कार्यशाळेला धाडलं. शुल्क अडीच हजार, चहा-जेवण त्यातच. घेणाऱ्यांचं नाव इथे टाकत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत.

सकाळचं सत्र वाया गेलं. आधी ओळखीचा खेळ, मग 'प्रभावी संवादाची सूत्रं' आणि पडद्यावर हस्तांदोलन करणारे सुटाबुटातले लोक. उदाहरणं सगळी आयटी कंपनीतल्या इंग्रजी ईमेलची. समोर बसलेलो आम्ही पतसंस्था, सूतगिरणी आणि दूध संघातली माणसं. दिवसभरात इंग्रजी ईमेल किती जण लिहिता, एवढं नोंदणीच्या वेळी विचारलं असतं तरी सगळ्यांची सकाळ वाचली असती.

त्या सत्रातली एकच गोष्ट डोक्यात राहिली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, १९९८ साली कंपन्यांसाठी सोप्या इंग्रजीची पुस्तिका काढली. तिची प्रस्तावना प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांची आहे. आपल्या बर्कशायर हॅथवे कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना आपण डोरिस आणि बर्टी या बहिणींशी बोलतोय असं धरून लिहितो, असं ते तिथे सांगतात. बहिणी हुशार, पण हिशेबतपासणीतल्या तज्ज्ञ नाहीत. माझ्यासमोर लगेच आमचे एक यंत्रमागवाले काका उभे राहिले. सुताचा भाव तोंडपाठ, पण संस्थेचा लिफाफा आला की न फोडताच मुलाकडे देणार.

खरी कार्यशाळा जेवणानंतर सुरू झाली. प्रत्येकाने आपल्या ऑफिसचं एक पत्र आणायचं होतं. मी आमचं स्मरणपत्र नेलं होतं: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपले कर्जखाते थकीत असून सदर रक्कम विनाविलंब भरणा करावी, अन्यथा पुढील कारवाई करणेत येईल याची गांभीर्यपूर्वक नोंद घ्यावी.' शिकवणाऱ्या मॅडमनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ताई, पैसे किती आणि कधीपर्यंत, ते यात कुठं आहे?" रक्कम खाली तक्त्यात होती, तारीख कुठेच नव्हती. वर्षानुवर्षं हाच मसुदा जातोय.

अर्ध्या तासात ते असं झालं: 'तुमच्या कर्जाचे मार्च आणि एप्रिलचे हप्ते जमा झालेले नाहीत. एकूण ८,६४० रुपये २० मेपर्यंत भरा. एकदम जमत नसेल तर त्याआधी शाखेत येऊन भेटा, मार्ग काढू.' मॅडमचा सगळा भर यावरच होता की वाचणाऱ्याने काय करायचं ते वरच्या दोन ओळींत आलं पाहिजे, विषय-संदर्भाचा डोलारा नंतर. नको असलेलं खोडायला लावताना त्या कुणाचीही भीड ठेवत नाहीत. सूतगिरणीच्या एका साहेबांचं पानभर परिपत्रक चार ओळींवर आलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

एसएमएसचा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'श्री' दिसायला एक, मोजायला चार. सत्तरच्या पुढे गेलात की बिल दोन मेसेजचं. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदवावा लागतो, आणि मग रक्कम, तारीख अशा बदलत्या जागा सोडल्या तर बाकी काही हलवता येत नाही. म्हणजे डोकं चालवायचं ते नोंदणीच्या आधीच. आमच्या जुन्या मेसेजात 'आदरणीय सभासद, सप्रेम नमस्कार' यातच बरीच जागा जात होती.

दोन ठिकाणी माझं पटलं नाही. व्हॉट्सॲपवर इमोजी टाका, आपुलकी वाढते, असं त्या म्हणाल्या. थकबाकीच्या आकड्यापुढे हसरा चेहरा टाकला तर आमचे सभासद काउंटरवर येऊन काय बोलतील ते मला इथे लिहिता यायचं नाही. दुसरं म्हणजे, सगळंच बोलल्यासारखं लिहा हा त्यांचा हट्ट. स्मरणपत्राला ठीक. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे सक्तीने वसुली करता येईल अशा आदेशासाठी, जायचं असेल, तर त्याआधीच्या नोटिशीचा एकेक शब्द वकील तपासतात. तिथे गोडवा कामाचा नाही. हा फरक मी विचारला, तर 'तुम्ही तुमच्या वकिलांशी बोला' एवढ्यावर विषय मिटवला. पतसंस्थांना शिकवायला बसताय तर एवढी तयारी हवी.

नवं स्मरणपत्र अध्यक्षांनी मंजूर केलं, 'सदर' मात्र एका ठिकाणी परत घालून. वसुली किती वाढली हे आत्ताच सांगणं घाईचं होईल. फोन मात्र बदलले. आधी लोक विचारायचे, "हे कशाचं पत्र आलंय?" आता विचारतात, "मॅडम, वीसऐवजी पंचवीस तारीख चालेल काय?"

वाटलेली वही बरीचशी कोरी आहे, प्रमाणपत्र जाड कागदावर आहे. पाचापैकी साडेतीन तारे. जाणार असाल तर सगळ्यात वाईट पत्र घेऊन जा, आणि जमलं तर थेट जेवणाच्या वेळेला पोचा.