घरी बांधायचे रिमोटचे विमान : ‘पूर्ण’ म्हणून आलेल्या संचाचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही. ते तालुक्याच्या बसस्थानकाजवळच्या एका दुकानात येऊन पडते आणि फोन आला की आपण जाऊन आणायचे. मागच्या दिवाळीआधी मी असाच एक खोका एसटीत मांडीवर ठेवून घरी आणला. ‘नवशिक्यांसाठी पूर्ण विमान संच’ असे त्याचे ऑनलाइन वर्णन होते आणि किंमत २,६५० रुपये. त्यात ए२२१२ जातीची १४०० केव्हीची ब्रशलेस मोटार, मोटारीचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, १० इंची प्रोपेलर, विमानाच्या हलत्या झडपा वळवणारे ९ ग्रॅमचे चार सर्व्हो, तारा, त्या अडकवायचे झडपांवरचे हॉर्न आणि कापून आलेल्या फोमच्या शिटा होत्या. हातात धरायचा ट्रान्समीटर, बॅटरी आणि चार्जर यांचे आणखी ६,२५० रुपये लागले. म्हणजे ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ विक्रेत्याच्या लेखी एक तृतीयांशापेक्षाही कमी होता.

तक्रारीची खरी जागा मात्र किंमत नाही, जुळणी आहे. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मोटार बिनभाराने मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर १४०० केव्हीची मोटार साडेपंधरा हजार फेऱ्यांकडे धाव घेते, आणि अशा मोटारीला १० इंची प्रोपेलर लावणे म्हणजे खोंडाला भरलेली कापसाची गाडी जुंपणे होय. तो प्रोपेलर १००० केव्हीच्या मोटारीला शोभतो. मला हे ठाऊक नव्हते. पहिल्याच चाचणीत, मिनिटभरही पूर्ण थ्रॉटल दिला नसेल, तोच मोटारीला बोट लावता येईना आणि वार्निश जळल्याचा वास सुटला. विक्रेत्याला लिहिले, उत्तर आले नाही. शेवटी ८ इंच व्यासाचा आणि ४ इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा पुढे सरकणारा, प्रोपेलर वेगळा मागवला. मोटार उभी बांधून किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर ठेवली, तेव्हा सुमारे ७०० ग्रॅमचा जोर दिसला आणि मोटार फक्त कोमट राहिली. माझे विमान बॅटरीसह ७८० ग्रॅमचे आहे. शिकाऊ विमानाला वजनाच्या निम्मा जोरही चालतो, तेव्हा मोटारीविषयी माझी कुरकुर नाही. ती चुकीच्या सोबतीने पाठवणाऱ्याविषयी आहे.

ईएससी चांगला निघाला. सर्व्हो आणि ट्रान्समीटरचा संदेश झेलणाऱ्या रिसीव्हरला लागणारे ५ व्होल्ट तोच पुरवतो, त्यामुळे वेगळी बॅटरी लागत नाही. मोटार उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, हेसुद्धा संचातल्या कागदावर नव्हते, कारण संचात कागदच नव्हता. बॅटरीला पिवळा एक्सटी६० कनेक्टर होता आणि ईएससीच्या तारा उघड्या. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने त्या जाड तारेवर कथील वितळेना. ते काम अखेर शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात झाले, ६० रुपयांत आणि उत्तम झाले. खेड्यात राहून हा छंद करणाऱ्याने असे दुकान आधी हेरून ठेवावे.

फोमच्या शिटांनी मात्र निराशा केली. त्यांचे काप नीट होते, पण पंखाला आतून कणाच नव्हता. खाली घेतलेल्या पहिल्या सुरातून विमान वर ओढताच दोन्ही पंख टाळी वाजवल्यासारखे वर मिटले. नवा पंख मी गणपतीच्या मखराचा थर्माकोल विकणाऱ्याकडून शीट आणून केला : लांबी ११० सेंटिमीटर, रुंदी २०, आत बांबूची कामटी आणि वरून तपकिरी पॅकिंग टेप. खर्च १०० रुपयांच्या आत आला. थर्माकोलला सुपरग्लू लावू नये, तो त्याला विरघळवून टाकतो. पांढरा डिंक चालतो, फक्त रात्रभर थांबावे लागते. ग्लूगन झटपट काम करते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तिचा डिंक मऊ पडतो. माझ्या मोटारीची फळी अशीच एका दुपारी मान वाकवून बसली होती.

सर्व्हो प्लॅस्टिकच्या दातांचे आहेत. चारांपैकी एक खोक्यातूनच घरघरत आला, दुसऱ्याचे दात तिसऱ्या पडझडीत गेले. शंभर-सव्वाशे रुपयांच्या वस्तूकडून याहून जास्त मागू नये. दोन जादा घेऊन ठेवावेत.

सगळ्यात शहाणपणाचा खर्च ट्रान्समीटरवर झाला. फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा सहा चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झचा संच मला ४,३०० रुपयांना पडला. साध्या चार पेन्सिल सेलवर तो चालतो आणि ते गावच्या किराणा दुकानात मिळतात. हा खर्च मला आधी टोचला होता, परंतु विमान मोडले तरी ट्रान्समीटर हातातच राहतो आणि पुढच्या विमानालाही तोच चालतो. त्यातल्या सर्व्होची दिशा उलटवणाऱ्या रिव्हर्सच्या सोयीकडे मी दुर्लक्ष केले, त्याची शिक्षा पहिल्याच उड्डाणाला मिळाली : पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, म्हणजे एलेरॉन, उलटे जोडलेले होते, विमान डावीकडे कलले, मी उजवीकडे काठी दिली आणि ते आणखी डावीकडे कलत सोयाबीनच्या खुटांत शिरले. ती खुटे ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाहीत, तेथे फोमची काय कथा! आता हातातून सोडण्यापूर्वी मी विमानाच्या मागे उभा राहून उजवी काठी देतो आणि उजवा एलेरॉन वर उचलला जातो की नाही ते पाहतो. रिसीव्हरचा फेलसेफही बसवून घ्यावा, म्हणजे संपर्क तुटला तर मोटार बंद पडेल.

बॅटरी ३ सेलची, २२०० मिलीअँपिअर-तासांची, १,५०० रुपयांची. सगळे सेल सारखे भरणारा ४५० रुपयांचा साधा बॅलन्स चार्जर ती भरायला पावणेतीन-तीन तास घेतो; भारनियमनाच्या दिवशी हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो. हा चार्जर बॅटरी साठवणीच्या पातळीवर, म्हणजे सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून देत नाही. मी ती पूर्ण भरलेली टिनाच्या छपराखालच्या खोलीत आठवडाभर ठेवली आणि ती उशीसारखी फुगली. ही चूक सर्वस्वी माझी. आता चार्जिंग वाळू भरलेल्या घमेल्यात, डोळ्यांसमोर आणि घराबाहेर ओसरीवर होते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर चार्जरवर हजारभर रुपये जास्त घालीन.

उडवण्यासाठी सोयाबीन निघालेले शेत आणि सूर्योदयानंतरचा पहिला तास याला तोड नाही. नऊ वाजल्यावर वारा उठतो आणि मग एवढे हलके विमान पतंगासारखे भिरभिरते. शेजारी तूर उभी असेल तर त्या बाजूला वळूच नये. माणसाच्या उंचीच्या तुरीत पांढरे विमानही अर्धा-पाऊण तास सापडत नाही, आणि शोधणाऱ्याच्या पायांखाली शेंगा तुटल्या की धुऱ्यावरच्या शेजाऱ्याशी संबंध बिघडतो. विमानतळाच्या परिसराबाहेर, ड्रोन नियम २०२१ मधल्या, परवानगी न लागणाऱ्या हरित क्षेत्रात, ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. पण १०० मीटरच्या पुढे गेले की विमान आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे हेच कळेनासे होते, म्हणून मी तेथवर जातच नाही. शेतमालकाने पहिल्या दिवशी बराच वेळ पाहून विचारले, “गुरुजी, हे फवारते काय?” फवारत नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला, परवानगी मात्र कायम राहिली.

वजनाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर आणला, तेव्हा कुठे सातव्या प्रयत्नात विमान चार मिनिटे हवेत राहिले. तोवर संचातल्या वस्तूंपैकी मोटार, ईएससी आणि दोन सर्व्हो एवढेच मूळचे उरले होते. त्यामुळे या संचाला मी पाचपैकी दोन गुण देतो, दोन्ही मोटार आणि ईएससीच्या जोडीचे. तीच जोडी सुटी घेतली तर हजार-अकराशेत येते. पुढच्या मागणीच्या यादीत मी १००० केव्हीची मोटार, दोन प्रोपेलर, चार सर्व्हो आणि एक बरा चार्जर लिहिला आहे. थर्माकोल मखरवाल्याकडे शिल्लक आहे.