दोन फुटी ‘रेडीमेड सेट’: काच चांगली, सल्ला घातक

इंदूरमध्ये फिश अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत 24×12×12 इंचांचा जो सेट मिळतो, त्यातली टाकी आणि फिल्टर जरूर घ्या. सोबत ‘फ्री’ मिळणारे पाच गोल्डफिश मात्र दुकानातच राहू द्या.

काच 5 मिलिमीटरची असते, एक फूट उंचीला तेवढी पुरते. सिलिकॉनच्या जोडांत बुडबुडे दिसले तर दुसरी टाकी मागा. घरी वर्तमानपत्र अंथरून त्यावर टाकी भरा आणि 24 तास थांबा, गळत असेल तर कागद सांगेलच. पाणी 50 लिटर, खडी आणि काच धरून एकूण वजन 75 किलोंच्या घरात जातं. टीपॉयवर ठेवायचा विचार सोडा.

खडीत सेट कंजूष आहे. 5 किलो रंगीत खडी देतात, दोन इंचांच्या थराला 14 किलो लागते. वर गुलाबी रंग सुटण्याची भीती. साधी बारीक खडी नितळ पाणी येईपर्यंत धुऊन घाला.

खरा घोळ ‘आज भरा, उद्या मासे सोडा’ या सल्ल्यात आहे. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरच्या स्पंजात जमायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर पाणी भरलेल्या, पण मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं दिसलं की सहा गप्पी मासे आणा. मध्ये पाणी दुधट होईल, उपसू नका, आपोआप निवळतं.

स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने वस्ती मेली. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाला येणारं नर्मदेचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घाला. आठवड्याला 10-12 लिटर बदललं की झालं.

सेटमधला 50 वॉटचा हीटर इंदूरच्या जानेवारीत लागतोच. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं तो बंद ठेवा, नाहीतर तापलेली नळी तडकते.

एअर पंपाच्या नळीला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) देत नाहीत. पंप पाण्याच्या पातळीखाली असला आणि लाइट गेली, तर टाकीचं पाणी उलटं पंपात येतं. व्हॉल्व्ह वेगळा घ्या. पाचपैकी तीन तारे.