सागवानी जाळीचा फील्ड प्रेस: गोव्याच्या पाणथळीत कितपत चालतो

झाडांचे नमुने दाबून सुकवायचा हा प्रेस पणजीत कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. सागवानी पट्ट्यांच्या 45 × 30 सेंमीच्या दोन जाळ्या, दोन सुती पट्टे, 10 पन्हळी पुठ्ठे आणि 20 टिपकागद. लाकूड उत्तम आहे. बाकीचं सामान मात्र कोरड्या माळरानाच्या हिशेबाने दिलेलं आहे. पाणवनस्पती दाबणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी बदलावं.

आधी चांगलं सांगतो. प्लायवूडच्या फळ्या जुलैच्या हवेत फुगतात आणि ओल आतच कोंडून ठेवतात. ही जाळी श्वास घेते. खिळे पितळी असल्यामुळे करमळीच्या तळ्यातला चिखल असो की खाजणातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं) खारं पाणी, गंजाचा डाग नमुन्यावर उतरत नाही.

मोठी चूक पुठ्ठ्यांत आहे. त्यांच्या नळ्या लांबीच्या दिशेने आहेत. त्या रुंदीच्या दिशेने हव्यात. प्रेस लांब कडेवर उभा करून खालून ऊब दिली, की हवा 30 सेंमीच चढून बाहेर पडते. 45 सेंमीच्या वाटेत ती मध्येच गार होते, आणि मधल्या नमुन्यांवर तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. सुती पट्टे भिजले की आखडतात, सुकले की ढिले पडतात. नायलॉनचे, दातेरी बकलाचे पट्टे लावा आणि रोज आवळा, कारण झाडं सुकता सुकता बसतात.

थर असे: पुठ्ठा, टिपकागद, वर्तमानपत्राच्या घडीत नमुना, टिपकागद, पुन्हा पुठ्ठा. पहिले तीन दिवस टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदला, पुढे दिवसातून एकदा. एक जोड प्रेसमध्ये असताना दुसरी सुकत पडलेली हवी, म्हणून 20 कागद अगदीच अपुरे. निदान 60 घ्या. ऊब 45 अंशांच्या आसपास ठेवा. जास्त तापवलं की पानं ठिसूळ होतात.

पाण्यात बुडून वाढणाऱ्या हायड्रिलासारख्या नाजूक जातींना प्रेसआधी थाळी लागते. थाळीत पाणी, पाण्याखाली हर्बेरियमचा (सुकवलेल्या झाडांच्या संग्रहाचा) जाड कागद, त्यावर झाड तरंगत पसरवायचं आणि कागद तिरका धरून हळूच उचलायचा. वर बटर पेपर ठेवा, नाहीतर चिकट देठ वर्तमानपत्राला धरतो. सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या पठारावरच्या) सीतेच्या आसवांनाही, म्हणजे युट्रिक्युलेरियालाही, हीच रीत. बुडाजवळच्या मुळांसारख्या धाग्यांवरचे बारीक फुगे दिसले पाहिजेत, त्याशिवाय ओळख पक्की होत नाही.

कमळाचा देठ आणि वेखंडाचा कंद उभे चिरूनच ठेवा. जाड भाग मध्ये राहिला तर भोवतालच्या पानांवर दाब पडत नाही आणि ती सुरकुततात. तिथे कागदाच्या घड्यांनी उंची भरून काढा. खाजणातल्या मांसल पानांना आधी गोड्या पाण्यात झटकन धुवा, मग काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं, आणि न मारलेलं पान प्रेसमध्ये आठवडाभर जिवंत राहतं. हुरा या खारफुटीच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर तात्पुरतं आंधळेपण येऊ शकतं. फांदी कापताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका.

या संचातली लेबलं मला सर्वांत कमी आवडली. जात, ठिकाण, तारीख, संग्राहक, बस. पाणथळ झाडाचा उपयोग टिपायचा तर स्थानिक नाव, वापरला जाणारा भाग, तो कोणत्या महिन्यात काढतात, कसा शिजवतात किंवा वाटतात, पाण्याची खोली आणि खारेपणा, मानसची (खाजणाच्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची) दारं तेव्हा उघडी होती की बंद, एवढं लिहायला जागा हवी. फुलाचा रंगही लगेच लिहा. उपटी या खारफुटीच्या झाडाचं पिवळं फूल सुकताना काळं पडतं. ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली दोन झाडं येतात: जाड, छोट्या, समोरासमोरच्या पानांची नीरब्राह्मी आणि लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचं पान धरणारी मंडूकपर्णी. कुठल्या घरात कुठली वाटली जाते, हे नमुन्याशिवाय सांगताच येत नाही. लेबल 10 × 15 सेंमीचं स्वतः छापून घ्या.

सुकलेले नमुने सीलबंद पिशवीत उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवले की किडीचा प्रश्न मिटतो. जुन्या पद्धतीचं पाऱ्याचं विष वापरू नका. पिशवी बाहेर काढल्यावर तापमान खोलीइतकं होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर कागदांवर दव जमतं आणि सगळं पुन्हा सुकवावं लागतं.

दुकानदार नुसत्या जाळ्या द्यायला तयार असेल तर तेवढ्याच घ्या.