धरमपेठेतला गेम डेव्हलपमेंटचा वीकेंड क्लास, स्वतः केला म्हणून लिहितेय

गेम बनवायचं शिकायचं म्हटलं की आपल्या नागपुरात घरचे आधी म्हणतात पुण्याला पाठवावं लागेल, आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सर मूळचे इथलेच, इंजिनिअरिंग झालं, मग काही वर्षं पुण्यात मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर होते आणि आईवडिलांसाठी परत आले. पण शिकवायला लागले म्हणून त्यांनी गेम बनवणं सोडलं नाही, आणि मला तरी हेच सगळ्यात आवडलं. स्वतःचा अर्धवट गेम प्रोजेक्टरवर लावतात, त्या आठवड्यात जो बग सापडत नसतो तो सगळ्यांसमोर शोधत बसतात, कधी सापडतो कधी नाही. अमेरिकन गेम डिझायनर जेसी शेल यांचं उदाहरण ते नेहमी देतात, हा माणूस आधी जगलर होता, मग डिस्नेत गेला, २००२ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत शिकवतोही.

सुरुवातीला लॅपटॉप उघडूच देत नाहीत. चार्ट पेपर, फासे, शर्टाची बटणं, बस. आमच्यातल्या एका मुलाने तान्ह्या पोळ्यावर गेम केला, लाकडी नंदी ओढत घरोघरी जायचं, बोजारा (म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ-पैसे) गोळा करायचा आणि पाऊस यायच्या आत घरी पोचायचं. ऐकायला एक नंबर, पण खेळायला बसलो तर जो आधी मोठ्या वाड्यावर पोचेल तोच दरवेळी जिंकायचा. तो समजवायला लागला तर सर म्हणाले, "तू गप बस बे, लोकं घरी खेळतील तेव्हा तू जाणार आहेस का सांगायला?" मग त्याने एकच नियम बदलला, जितका बोजारा जास्त तितका नंदी जड, म्हणजे चाल कमी. झालं, वाड्यावर जायचं का जवळची छोटी घरं उरकायची यावर टेबलावर भांडणं सुरू! गेम डिझाईन म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं, यूट्यूबवर इतके व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

नंतर गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम. फुकट आहे, २०१४ पासून ओपन सोर्स आहे (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), आपण गेम विकला तरी रॉयल्टी द्यावी लागत नाही आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतं. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीने २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि बोंबाबोंब झाल्यावर वर्षभराने मागे घेतलं, तेव्हापासून सर नवीन मुलांना गोडोच देतात. पहिला गेम सगळ्यांना पाँगच (पडद्यावरचं साधं टेबल टेनिस) करावा लागतो. मुलं कुरकुरतात, पण खुद्द पाँग १९७२ मध्ये अटारी या गेम कंपनीत इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्न यांना हात बसावा म्हणून दिलेलं काम होतं.

आता कमी काय ते. थ्रीडी आणि कॅरेक्टर ड्रॉइंग जवळजवळ नाहीच, साउंडचं तर एकाच दिवसात उरकलं, त्यासाठी वेगळा माणूस आणायला पाहिजे असं मी सरांना सांगितलंय. मे महिन्यात कूलर पुरत नाही, सकाळची बॅच घ्या. गाडी लावायचे हाल आहेत. प्लेसमेंट मिळत नाही आणि सर ते फी घ्यायच्या आधीच स्पष्ट सांगतात, त्यामुळे फक्त नोकरीसाठी पोराला टाकणार असाल तर नका टाकू. पण पोरगं वहीच्या मागच्या पानावर लेव्हल काढत बसत असेल ना, तर डोळे झाकून पाठवा, आणि डेमो क्लासला तुम्हीपण सोबत बसा, बसू देतात.